बोर्ड नसलेल्या देशातला डिप्लोमा : खासगी हायस्कूलचं अ‍ॅक्रेडिटेशन कसं तपासायचं

अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शाळा कुठल्या बोर्डाची?" गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, वाढदिवसाच्या पार्टीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे हा प्रश्न माझ्याकडे येतो. कारण मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजच्या) रेकॉर्ड्स ऑफिसात काम करते आणि हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार ग्रेडच्या अधिकृत नोंदी, वाचणं हाच माझा दिवसभराचा उद्योग आहे. प्रश्न शहाणा आहे. फक्त इथे बोर्डच नाही, त्यामुळे उत्तरही नाही.

आपल्याकडे शाळा गल्लीतली असो की मोठ्या नावाची, बारावीचा पेपर मंडळ काढतं, तपासतो दुसऱ्याच कॉलेजातला मास्तर, आणि मार्कशीट येते मंडळाच्या शिक्क्यानं. शाळेवर विश्वास नसला तरी कागदावर असतो. इथे न्यू यॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षांसारखे थोडे अपवाद सोडले, तर शिकवते शाळा, पेपर काढते शाळा, ग्रेड देते शाळा आणि डिप्लोमावर सही करते तीही शाळाच. पब्लिक स्कूल असेल तर तिच्यामागे स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आणि राज्य उभं असतं. खासगी शाळेच्या मागे कोण उभं आहे, हे तुम्हालाच शोधावं लागतं.

मग लोक दुसरा प्रश्न शिकतात, म्हणजे बाहेरच्या एखाद्या संस्थेनं शाळा तपासून तिच्यावर शिक्का मारलाय का : "अ‍ॅक्रेडिटेड आहे ना?" शाळेला फोन करून विचारलंत तर "हो" हेच ऐकू येणार, खऱ्या शाळेकडूनही आणि बोगस शाळेकडूनही. म्हणून मी तीन गोष्टी विचारायला सांगते. कुणी केलं? कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? आणि पोराला पुढे जिथे जायचंय तिथे ते चालतं का? यातला तिसरा प्रश्न आधी सोडवायचा. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी, फी भरून झाल्यावर काढतात.

पुढची खिडकी आधी ठरवा

अ‍ॅक्रेडिटेशनचा जन्मच पुढच्या खिडकीवर झाला आहे. पुढची खिडकी म्हणजे मूल हा कागद घेऊन जिथे उभं राहणार ती जागा. मिशिगन युनिव्हर्सिटीकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची प्रवेश परीक्षा घेतली जायची. १८७१ मध्ये तिथल्या लोकांनी ठरवलं की आपले प्राध्यापक हायस्कुलांत पाठवायचे, शाळा नीट वाटली तर तिच्या मुलांना परीक्षेशिवाय घ्यायचं. पुढे याच कामासाठी शाळा-कॉलेजांच्या संघटना निघाल्या : न्यू इंग्लंडची १८८५ मध्ये, मिडल स्टेट्सची १८८७ मध्ये, नॉर्थ सेंट्रल आणि सदर्न या दोन्ही १८९५ मध्ये. सरकारनं वरून ठरवलेली ही गोष्ट नाही, कॉलेजांनी स्वतःच्या सोयीसाठी सुरू केलेली आहे. म्हणून आजही शिक्का किती मोलाचा ते तो पाहणारा ठरवतो, आणि पाहणारे एकाच तऱ्हेचे नसतात.

मूल अकरावीत पब्लिक स्कूलला परत येणार असेल, तर तिथला काउन्सेलर आधीचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे मोजलेले एकक, धरायचे की नाही ते बघतो. फ्लोरिडाचा नियम यात स्पष्ट आहे : मान्य अ‍ॅक्रेडिटेशन असलेल्या शाळेचे क्रेडिट जसेच्या तसे धरतात, नसेल तर नव्या शाळेतल्या पहिल्या सत्रात मूल कसं करतं त्यावरून ते पक्के होतात. इतर राज्यांत बरंच काही डिस्ट्रिक्टच्या हातात असतं. कुठे चाचणी घेतात, कुठे नववी-दहावी पुन्हा करा म्हणतात. हा सगळ्यात जास्त नडणारा प्रसंग आहे, कारण खासगी शाळेत घालताना कुणी परत येण्याचा विचार करत नाही. नोकरी जाते, गाव बदलतं, फी झेपत नाही, आणि मग दहावी झालेलं पोर कागदोपत्री नववीत बसतं.

कॅलिफोर्नियातल्या यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, कॉलेजांचं गणित वेगळंच. त्यांची 'ए-टू-जी' नावाची विषयांची यादी असते आणि तिथल्या शाळेचा एकेक कोर्स त्या यादीत मंजूर असावा लागतो. शाळा चांगली आहे, अ‍ॅक्रेडिटेडही आहे, पण केमिस्ट्रीचा कोर्स यादीत नाही, असं होऊ शकतं. खेळाच्या स्कॉलरशिपवर डोळा असेल तर एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, स्वतः शाळा आणि कोर्स तपासते. डिव्हिजन वन या वरच्या गटासाठी १६ कोअर कोर्स लागतात. त्यांची कडक नजर उगाच नाही. २००५ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं मायामीतली युनिव्हर्सिटी हायस्कूल नावाची शाळा उघडी पाडली. तिथे वर्गच नव्हते. ३९९ डॉलर भरून कॉलेज फुटबॉलचे खेळाडू घरबसल्या ग्रेड सुधारून घेत होते. शाळा त्याच वर्षी बंद झाली आणि एनसीएएनं अशा शाळांची झाडाझडती सुरू केली.

बाकीच्या चार वर्षांच्या कॉलेजांत प्रत्येकाची आपापली रीत. माझ्यासारख्या कम्युनिटी कॉलेजात दार बहुतेक सगळ्यांना उघडं असतं, तरी फेडरल आर्थिक मदत हवी असेल तर डिप्लोमा खरा आहे का हे आम्हाला बघावंच लागतं. २०११ पासून तसा नियम आहे : शंका आली तर कॉलेजानं डिप्लोमा तपासलाच पाहिजे. गंमत अशी की या नियमाला शाळा अ‍ॅक्रेडिटेड असायला हवी असं नाही. शाळेनं खरोखर शिकवलं का आणि राज्याच्या कायद्यात ती बसते का, एवढं तो विचारतो.

सरकारचं नाव पुढे करणाऱ्या शाळा

वेबसाइटवर "यूएस डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनची मान्यता" असं लिहिलेलं हायस्कूल दिसलं तर ते पान तिथेच बंद करा. फेडरल शिक्षण खातं कुठल्याच हायस्कूलला मान्यता देत नाही. ते कॉलेजांना तपासणाऱ्या संस्थांना मान्यता देतं, तो वेगळा व्यवहार. त्यामुळे त्यांच्या कॉलेजांच्या डेटाबेसमध्ये तुमच्या शाळेचं नाव सापडलं नाही तर घाबरूही नका, ते तिथे नसतंच.

खासगी शाळा चालवण्याचा आणि निवडण्याचा हक्क इथे जुना आणि पक्का आहे. ओरेगॉन राज्यानं सगळ्या मुलांना पब्लिक स्कूलची सक्ती केली होती. १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उडवून लावली. तेव्हापासून राज्यं खासगी शाळांकडे लक्ष ठेवतात, पण किती, ते ज्याचं त्यानं ठरवलंय. कॅलिफोर्नियात खासगी शाळा दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरमध्ये एक प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरते, आणि शिक्षण खातं स्वतःच सांगतं की हे भरलं म्हणजे आम्ही शाळेला मान्यता दिली असं समजू नका. फ्लोरिडाही खासगी शाळांची यादी ठेवतं, पण त्यांना मान्यता देत नाही. टेक्सासमध्ये टेपसॅक नावाची खासगी शाळांचीच एक समिती आहे, तिनं मानलेल्या अ‍ॅक्रेडिटेशनला राज्याचं खातं मानतं. न्यू यॉर्कमध्ये मात्र डिप्लोमा द्यायचा तर खासगी हायस्कूलचं बोर्ड ऑफ रीजंट्सकडे रजिस्ट्रेशन लागतं.

म्हणून शाळेनं "आमच्याकडे राज्याचा नंबर आहे" म्हणून कागद पुढे केला तर तो नंबर कशाचा, ते विचारा. धंद्याच्या नोंदणीचा नंबर असतो, वर उल्लेखलेल्या प्रतिज्ञापत्राचा असतो, एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसाठी कॉलेज बोर्डानं दिलेला सहा आकडी सीईईबी कोड असतो. परदेशी मुलांना विद्यार्थी व्हिसासाठी आय-२० हा फॉर्म देणाऱ्या शाळांकडे एसईव्हीपी या सरकारी कार्यक्रमाचं सर्टिफिकेशन असतं. पुण्याहून एफ-१ व्हिसावर मूल पाठवणाऱ्यांना ते लागतंच. यातलं एकही अ‍ॅक्रेडिटेशन नव्हे. नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्सच्या खासगी शाळांच्या यादीत नाव असणं म्हणजे फक्त शाळेनं सर्वेक्षणाचा फॉर्म भरला होता.

नावं, आणि ती कुठे शोधायची

आज सगळ्यात जास्त दिसणारं नाव कॉग्निया. २०१९ मध्ये आलेलं हे नाव. त्याआधी अ‍ॅडव्हान्सएड होतं, आणि जुन्या नॉर्थ सेंट्रल व सदर्न संघटनांचं शाळांचं काम त्यातच गेलेलं आहे. म्हणून जुन्या डिप्लोमावर ती नावं दिसली तर दचकू नका. आमच्या भागात, म्हणजे न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेन्सिल्व्हेनियात, मिडल स्टेट्स. बोस्टनच्या बाजूला न्यू इंग्लंड असोसिएशन. कॅलिफोर्निया आणि हवाईत १९६२ मध्ये निघालेली वॉस्क. शिवाय मोठ्या फीच्या इंडिपेंडंट शाळांच्या राज्यवार संघटना, कॅथलिक शाळांच्या वेगळ्या, ख्रिश्चन शाळांची एसीएसआय. मिडल स्टेट्सच चांगलं आणि एसीएसआय वाईट, असं काही नसतं. पण दुसऱ्या राज्यातल्या क्लार्कला कुठलं नाव ओळखीचं वाटेल याचा विचार करावाच लागतो, आणि प्रादेशिक संघटनेचं नाव सगळीकडे ओळखीचं असतं.

हे अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं कसं ते माहीत असलं की खोटं ओळखणं सोपं जातं. शाळा आधी स्वतःचा सविस्तर अहवाल लिहिते : अभ्यासक्रम, शिक्षक, पैसा, इमारत, सगळं. मग दुसऱ्या शाळांतले शिक्षक आणि मुख्याध्यापक यांची टोळी काही दिवस येऊन राहते, वर्गात मागच्या बाकावर बसते, मुलांशी बोलते, फायली उघडते. त्यानंतर काही वर्षांची मुदत मिळते आणि मध्ये पुन्हा तपासणी होते. महिनाभरात, फॉर्म भरून, हे काम होत नाही.

तपासताना शाळेच्या वेबसाइटवरचा लोगो बघूच नका. लोगो कुणीही चिकटवतं. अ‍ॅक्रेडिट करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर जा, तिथे डिरेक्टरी असते, त्यात शाळेचं नाव घाला. नाव सापडलं म्हणून उठू नका. गाव आणि पत्ता जुळतो का? सेंट मेरीज नावाच्या शाळा या देशात किती आहेत ते मोजायला बसलात तर जेवायला उशीर होईल. मग दर्जा काय लिहिलाय ते वाचा. 'मेंबर', 'अ‍ॅप्लिकंट', 'कँडिडेट' हे शब्द 'अ‍ॅक्रेडिटेड'च्या जवळचे वाटले तरी त्यांचे अर्थ निराळे. कँडिडेट म्हणजे रांगेत उभी असलेली शाळा. काही कॉलेजं ते मानतात, काही नाही. कुठल्या इयत्तांचे वर्ग धरलेत तेही बघा. आठवीपर्यंतचं अ‍ॅक्रेडिटेशन असलेली आणि नंतर हायस्कूल जोडलेली शाळा मी बघितली आहे. कागद खरा, पण बारावीला त्याचा उपयोग शून्य. एकाच कंपनीच्या चार कॅम्पसपैकी एकालाच ते असणं हाही सर्रास प्रकार.

आणि तारीख. शाळेला अ‍ॅक्रेडिटेशन २०२३ मध्ये मिळालं आणि थोरला २०२१ मध्ये पास होऊन गेला, तर थोरल्याच्या डिप्लोमाला ते आपोआप लागू होत नाही. डिरेक्टरीचं ते पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. ज्या वर्षी मूल पास होतं, त्या वर्षीचं पान हवं.

नाव कधी ऐकलेलं नसलेली, पण भारदस्त वाटणारी संस्था दिसली, तर तिनं आणखी कुणाकुणाला अ‍ॅक्रेडिट केलंय ते बघा. त्यातल्या दोन शाळांना फोन करा. फोन उचलणारी बाई शाळेतली वाटते की कॉल सेंटरमधली, हे दोन वाक्यांत कळतं. अ‍ॅक्रेडिट करणारी संस्था आणि शाळा यांचा पत्ता एकच निघाल्याचीही उदाहरणं आहेत.

माझ्या टेबलावर

डिप्लोमाकडे मी जवळजवळ बघतच नाही. सोनेरी सील, जाड कागद, लॅटिन बोधवाक्य, हे सगळं छापखान्यात मिळतं. मी बघते ती ट्रान्सक्रिप्ट.

आधी क्रेडिटची बेरीज. १९०६ पासून चालत आलेलं कार्नेगी युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. हेच एक वर्ष फ्लोरिडात १ क्रेडिट होतं, आमच्या न्यू जर्सीत ५, आणि कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच शाळांत १०. म्हणून फ्लोरिडाच्या ट्रान्सक्रिप्टवर २४ क्रेडिट आणि न्यू जर्सीच्या १२० दिसले तर दोन्ही बरोबर. आईवडील इथे गोंधळतात, "आमच्या मुलीचे शंभर क्रेडिट कापले" म्हणून भांडायला येतात. कापलेले नसतात, मोजपट्टी बदललेली असते. पण एकाच कागदावर इंग्रजीला १ आणि गणिताला ५ असं दिसलं, तर ती ट्रान्सक्रिप्ट शाळेत बनलेली नाही.

मग क्रम. जॉमेट्री आल्जिब्रा टूच्या आसपास असायला हवी, आल्जिब्रा वन त्याआधी. चार वर्षांचं इंग्रजी चार वर्षांत पसरलेलं हवं. सगळे विषय एकाच महिन्यात पूर्ण झालेले असतील, केमिस्ट्रीला लॅबचा उल्लेख नसेल, अमेरिकेचा इतिहास कुठेच नसेल, आणि 'लाइफ एक्स्पीरियन्स' म्हणून सहा क्रेडिट असतील, तर मी खुर्ची मागे सरकवून शाळेचा पत्ता गूगल मॅपवर टाकते. बऱ्याचदा तिथे पार्सलचं दुकान निघतं आणि पत्त्यातला 'सूट ४१२' म्हणजे त्या दुकानातली टपालपेटी असते. एका बाईंनी मला सांगितलं, "मॅडम, शाळा ऑनलाइन आहे, इमारत कशाला हवी?" बरोबर आहे, इमारत नको. पण मुलाला शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचं नाव तरी हवं. ते त्यांना सांगता येईना.

विकत मिळणारा कागद

२०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं फ्लोरिडातल्या काही मंडळींवर खटला भरला. जेफर्सन हायस्कूल ऑनलाइन आणि एंटरप्राइझ हायस्कूल ऑनलाइन ही त्यांच्या 'शाळां'ची नावं. २०० ते ३०० डॉलर भरा, वेळेचं बंधन नसलेली, कुणी समोर नसलेली पर्यायांची परीक्षा द्या, डिप्लोमा घ्या. २००६ पासून त्यांनी १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त गोळा केले होते. त्याआधी २०१२ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टानं बेलफर्ड हायस्कूल नावाच्या अशाच एका ऑनलाइन दुकानाविरुद्ध २ कोटी २७ लाख डॉलरचा निकाल दिला; फसलेल्यांची संख्या ३० हजारांच्या घरात होती. २०१५ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं जाळं बाहेर काढलं, त्यात बेलफर्डचंही नाव होतं. मिशिगनमध्ये पैसे भरणाऱ्याला आपण कराचीत फी पाठवतोय याचा पत्ता नव्हता.

अशा ठिकाणी फसणारे सगळे आळशी असतात असं नाही. माझ्यापुढे येतात ते बहुतेक तिशी-चाळिशीतले कामकरी लोक, नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करायला आलेले. शाळा राहून गेली, आता डिप्लोमा हवा. त्यांना मी सरळ रस्ता सांगते : जीईडी, म्हणजे शाळा राहून गेलेल्यांसाठीची समकक्ष परीक्षा. चार पेपर, प्रत्येकी १४५ गुण, आणि मग राज्याचा डिप्लोमा. न्यू जर्सीत आणखी एक दार आहे, फारसं कुणाला माहीत नसलेलं : कॉलेजचे ठरावीक प्रकारचे ३० क्रेडिट पूर्ण केले तर राज्य हायस्कूल डिप्लोमा देतं. २४९ डॉलरच्या सोनेरी कागदापेक्षा हे दोन्ही कष्टाचे आहेत, पण ते बहुतेक सगळीकडे चालतात.

अ‍ॅक्रेडिटेशन नाही म्हणजे बोगस, असं नव्हे

इथे मराठी माणूस दुसऱ्या टोकाला जातो. या देशात लाखो मुलं घरी शिकतात. आमच्या न्यू जर्सीत तर घरी शिकवणार म्हणून आधी कळवण्याचीही सक्ती नाही. आईनं सही केलेला डिप्लोमा, सोबत एसएटी, कम्युनिटी कॉलेजचे चार कोर्स आणि पुस्तकांच्या यादीसकट नीट लिहिलेली कोर्स वर्णनं असा गठ्ठा माझ्याकडे आला की मी निर्धास्त असते. काही जुन्या, चांगल्या, छोट्या शाळा खर्चामुळे किंवा तत्त्वामुळे अ‍ॅक्रेडिटेशन घेत नाहीत. त्यांची मुलं चांगल्या कॉलेजांत जातातही.

पण त्यात काय जोखीम आहे ते लुइझियानात दिसलं. तिथे ब्रो ब्रिज गावात टी. एम. लँड्री नावाची छोटी खासगी शाळा होती. तिच्या मुलांना हार्वर्डसारख्या ठिकाणी प्रवेश मिळाल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं लिहिलं की ट्रान्सक्रिप्ट फुगवलेल्या होत्या. राज्याची मान्यता शाळेनं घेतलेलीच नव्हती, त्यामुळे तिच्या डिप्लोमामागेही राज्य नव्हतं. बाहेरून कुणी आत येऊन वर्ग बघितला असता, तर हे आधी कळलं असतं. अ‍ॅक्रेडिटेशनचा खरा उपयोग मला एवढाच वाटतो : कुणीतरी परकं माणूस वर्गात येऊन बसलं होतं. शाळा उत्तम आहे याची ती हमी नाही. सुमार अ‍ॅक्रेडिटेड शाळा मी पुष्कळ बघितल्यात.

भारतात परतायचं असेल तर

हा भाग फोनवर सांगून सांगून माझं तोंड दुखतं, म्हणून लिहूनच ठेवते.

भारतातलं कॉलेज विचारतं ते बारावीशी समकक्षता. आजवर हे काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, करत आली. जेईईच्या माहितीपत्रकातही पात्र परीक्षांच्या यादीत परदेशी परीक्षांसाठी एआययूचंच नाव येतं. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीनं परदेशी पात्रतांच्या समकक्षतेची नवी नियमावली काढली. त्यात शाळेच्या पातळीवर बारा वर्षांचं रीतसर शिक्षण ही मुख्य अट आहे. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर यांना त्यांच्या त्यांच्या परिषदांचे नियम. म्हणून मूल नववीत असतानाच ज्या कॉलेजात घालायचंय त्याच्या प्रवेश विभागाला ईमेल करा आणि लेखी उत्तर ठेवा. विषयांचंही विचारा : इथे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स एकेक वर्ष करून मोकळं होण्याची पद्धत आहे, तिकडे ते बारावीच्या पातळीचं हवं असतं. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, कोर्स घेतलेले असले तर बोलणं सोपं होतं.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार जोडतं त्या दाखल्याबद्दल, एक मोठा गैरसमज आहे. डिप्लोमावर नोटरी, मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, असा रिबिनीचा कागद आला की लोक म्हणतात, "सरकारनं मान्य केलं!" अपोस्टिल फक्त इतकंच सांगतं की सही करणारा नोटरी खरा आहे. शाळा खरी की खोटी याच्याशी त्याचा संबंध नाही. पार्सलच्या दुकानातल्या शाळेच्या डिप्लोमावरही ते मिळू शकतं.

पुण्या-मुंबईत राहून मुलाला बारावीऐवजी ऑनलाइन अमेरिकन डिप्लोमा द्यायचा, असे सौदे आता घरोघरी येऊ लागलेत. माझ्या मावसबहिणीलाही आला. ती म्हणाली, "ताई, यात कोचिंगची कटकट नाही." मी तिला म्हटलं, अ‍ॅक्रेडिट करणाऱ्या संस्थेच्या डिरेक्टरीत शोध, एआययूला विचार, आणि मुलाला हव्या त्या कॉलेजाला विचार, तिन्हीकडून लेखी हो आलं तर घाल. तसं तिन्हीकडून आलं नाही. मुलगा आता राज्य मंडळाच्या बारावीला आहे आणि कोचिंगची कटकट जोरात चालू आहे.

शाळाच बंद पडली तर

खासगी शाळा बंद पडतात. छोट्या तर पडतातच. पब्लिक स्कूलची रेकॉर्ड्स डिस्ट्रिक्टकडे राहतात, खासगीची कुठे जातील ते राज्यावर अवलंबून. फ्लोरिडात बंद होणाऱ्या शाळेनं कायमची रेकॉर्ड्स डिस्ट्रिक्टकडे किंवा ती ज्या खासगी शाळांच्या संघटनेत असेल तिच्याकडे द्यायची असतात. कॅलिफोर्नियाचं शिक्षण खातं खासगी शाळांच्या विद्यार्थ्यांची रेकॉर्ड्स ठेवतच नाही. कॅथलिक शाळा असेल तर डायोसिसकडे, म्हणजे त्या भागातल्या बिशपच्या कार्यालयाकडे, चौकशी करा, तिथे बहुधा सापडतं. बाकी ठिकाणी शेवटच्या मुख्याध्यापकाच्या गॅरेजपर्यंत शोध घेतलेली माणसं मला माहीत आहेत.

म्हणून मूल पास होतं त्याच उन्हाळ्यात शाळेकडून सीलबंद अधिकृत ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार प्रती मागून घ्या. कोर्स कॅटलॉग आणि अ‍ॅक्रेडिटेशनचं त्या वर्षीचं पत्रही मागा, ते मोकळं चालतं. ट्रान्सक्रिप्टचं पाकीट मात्र घरी नेऊन कौतुकानं फोडू नका. फोडलं की माझ्या लेखी ती झेरॉक्स, आणि मला पुन्हा शाळेलाच फोन लावावा लागतो.